घरातला स्मोक अलार्म: उपयोग किती, मर्यादा कुठे

शिवडीकर

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणारे सात जण गेले. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, धूर पोचला होता. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान, वर घर, पहाटेचीच वेळ आणि पुन्हा एकाच कुटुंबातले सात जण. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानातच राहणारे चौघे.

झोपेत नाकाचा भरवसा नसतो. धुराच्या वासाने जाग येईलच, असं धरून चालू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड उलट गुंगी वाढवतो. कान मात्र झोपेतही बऱ्यापैकी काम करतात. स्मोक अलार्मचा सगळा उपयोग यात आला: धूर छताला लागला की झोपलेल्या माणसाच्या कानाला कळवायचं. तो आग विझवत नाही, दार उघडून देत नाही आणि साधा अलार्म अग्निशमन दलाला फोनही करत नाही. जे काही मिळतं ती मोजकी मिनिटं. फोमचे सोफे, गाद्या, सिंथेटिक पडदे असलेल्या खोलीत तर ती तीन-चारच असू शकतात.

"आमच्या सोसायटीला फायर सिस्टीम आहे, घरात वेगळं कशाला?" हे वारंवार ऐकू येतं. सोसायटीची सिस्टीम बहुतेक ठिकाणी जिना, लॉबी आणि पार्किंग सांभाळते. तुमच्या हॉलमधला सोफा धुमसायला लागला तर लॉबीतल्या डिटेक्टरला कळेपर्यंत घर धुराने भरलेलं असतं. म्हणून हा धागा फ्लॅटच्या, खोलीच्या, घराच्या आतल्या अलार्मपुरता ठेवू. काय घ्यायचं, कुठे लावायचं आणि कशाच्या भरवशावर राहायचं नाही, हे जाणकारांनी लिहावं.

तारतंत्री

विकत घेण्यापासूनच सुरुवात करतो, कारण पहिली चूक तिथेच होते.

ऑनलाइन "स्मोक डिटेक्टर" शोधलं की स्वस्तातले पांढरे गोल डबे दिसतात. त्यातले बरेचसे पॅनेलवर, म्हणजे इमारतीच्या फायर सिस्टीमच्या नियंत्रण-पेटीवर चालणारे कन्व्हेन्शनल डिटेक्टर असतात. त्यांना पॅनेलकडून दोन वायरींवर २४ व्होल्ट डीसी लागतं आणि त्यांच्यात भोंगा नसतो. धूर आला की एक लाल दिवा लागतो, बस. आवाज करणारा हूटर वेगळा असतो आणि तो पॅनेलला जोडलेला असतो. असा डबा नुसताच छताला स्क्रू केला तर तो शोभेचा. घरासाठी "स्टँडअलोन" हवा, म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि भोंगा एकाच डब्यात. खोक्यावर "बिल्ट-इन साउंडर" किंवा "८५ डेसिबल" लिहिलंय का आणि बॅटरीचा प्रकार दिलाय का, ते बघा. दोन्ही नसेल तर तो पॅनेलवालाच समजा.

दुसरी खूण प्रमाणाची. युरोपचं ईएन १४६०४ किंवा अमेरिकेचं यूएल २१७. ते डब्याच्या मागच्या बाजूला छापलेलं हवं, नुसतं जाहिरातीच्या चित्रात नको. मागेच बनावटीची तारीखही असते. कोणताही स्मोक अलार्म बनावटीच्या तारखेपासून दहा वर्षांनी बदलायचा, वाजत असला तरी. चार वर्षं गोदामात पडून राहिलेला डबा घेतला तर उरली सहाच.

एडिसनकर

प्रकारांबद्दल थोडं. दोन मुख्य तंत्रं आहेत.

आयनायझेशनमध्ये अमेरिशियम-२४१ चा अगदी सूक्ष्म कण असतो. त्याच्या अल्फा किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि धुराचे कण शिरले की तो घटतो. भडकलेल्या आगीचे बारीक कण याला लवकर कळतात. फोटोइलेक्ट्रिकमध्ये काळ्या कप्प्यात एक एलईडी आणि तिरक्या कोनात एक प्रकाशग्राही असतो. एरवी प्रकाश थेट पोचत नाही, धुराच्या कणांवरून विखुरला की पोचतो. धुमसणाऱ्या आगीचे मोठे कण याला लवकर कळतात.

भारतातल्या घरासाठी माझं मत सरळ फोटोइलेक्ट्रिकच्या बाजूने आहे. रात्री माणसं मारणाऱ्या आगी बऱ्याचदा आधी धुमसतात: गादी, उशी, कोळपलेली वायर, विझली असं वाटलेली विडी. शिवाय तापलेल्या तेलाचे कण अतिशय बारीक असतात, त्यामुळे आयनायझेशनवाला फोडणीला जास्त वेळा ओरडतो. अमेरिकेहून कुणी सामानातून आयनायझेशनवाला आणत असेल तर आणू नका. किरणोत्सर्गी स्रोत असल्याने त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात आणि पुढे तो कचऱ्यात टाकणंही योग्य नाही.

आवाज ओळखायला शिका. धुराच्या अलार्मची सर्वमान्य पद्धत तीन लांब बीप, मग दीड सेकंद शांतता, पुन्हा तीन. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची पद्धत चार झटपट बीप आणि मग साधारण पाच सेकंद शांतता. आणि मिनिटाला एकदा "टिक" किंवा "चिक" असा एकच बारीक आवाज म्हणजे बॅटरी संपत आलीय. तो आवाज नेमका पहाटे सुरू होतो, कारण गारव्यात बॅटरीचा व्होल्टेज थोडा आणखी उतरतो. अशा वेळी लोक झोपेत डबा उतरवून बॅटरी काढतात आणि मग ती महिनोन् महिने बाहेरच राहते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या आकडेवारीत चालू अलार्म असलेल्या घरांमध्ये आगीमागे मृत्यूचं प्रमाण बाकीच्या घरांच्या निम्म्याहून कमी आहे. आणि जिथे अलार्म असूनही वाजला नाही, तिथलं सगळ्यात मोठं कारण काढून ठेवलेली किंवा सोडवलेली बॅटरी हेच आहे.

रानजाई

मिरचीची फोडणी, रोज संध्याकाळी धूप, कोपऱ्यात देवघर, आणि घर ४५० चौरस फुटांचं वन बीएचके. यात अलार्म लावायचा कुठे? दिवसातून दोनदा वाजला तर आठवड्यात घरचेच काढून टाकतील. पंख्याचाही प्रश्न आहे, कारण प्रत्येक खोलीत छताच्या मधोमध पंखाच असतो.

शिवडीकर

रानजाई, तुमचा प्रश्न म्हणजे या धाग्याचा गाभाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अंतरं. शेगडीपासून आडवं अंतर किमान ३ मीटर. ३ ते ६ मीटरच्या पट्ट्यात लावावा लागणार असेल तर फोटोइलेक्ट्रिक किंवा "हश" बटण (अलार्म थोडा वेळ गप्प करणारं) असलेलाच. बाथरूमच्या दारापासून ९० सेंटीमीटर, कारण गरम पाण्याची वाफ त्याला धुरासारखीच दिसते. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून ९० सेंटीमीटर, कारण फिरता पंखा धूर बाजूला ढकलतो आणि पातळ करतो. एसीच्या झोतापासूनही तेवढंच. छतावर लावला तर भिंतीपासून १० सेंटीमीटर आत. भिंतीवर लावला तर डब्याची वरची कड छतापासून १० ते ३० सेंटीमीटर खाली. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा खेळत नाही, धूर तिथे उशिरा पोचतो.

छताच्या मधोमध लावा असं परदेशी माहितीपत्रकं सांगतात ते आपल्याकडे जमत नाही, तिथे पंखा असतो. म्हणून पंखा आणि बेडरूमचं दार यांच्या मधला पट्टा धरा. दहा बाय बाराच्या खोलीत ४८ इंची पंखा मधोमध असेल तर पात्याच्या टोकापासून लांबीच्या बाजूला भिंतीपर्यंत साधारण १२० सेंटीमीटर उरतात, म्हणजे नियमात बसणारी जागा सापडते.

वन बीएचकेमध्ये एकच घेणार असाल तर बेडरूमच्या दाराबाहेर, हॉल किंवा पॅसेजच्या छतावर. स्वयंपाकघर आणि बेडरूम यांच्यामधला धुराचा रस्ता तोच असतो. दोन घेता आले तर दुसरा बेडरूमच्या आत. टू बीएचकेला पॅसेजमध्ये एक आणि प्रत्येक बेडरूममध्ये एक. हॉलमध्ये टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर यांची गर्दी असेल तर तिथेही.

देवघर अलार्मच्या बरोबर खाली नको. एक उदबत्ती ३ मीटरवरून सहसा त्रास देत नाही. धूप आणि कापूर मात्र बंद खोलीत देतात. खिडकी उघडायची, नाहीतर आधी हश बटण दाबायचं. हशमुळे संवेदनशीलता साधारण दहा मिनिटं कमी होते आणि मग अलार्म आपोआप पूर्ववत होतो. फोडणीसाठी एक्झॉस्ट किंवा चिमणी तेल तापण्याआधी सुरू करायची, धूर दिसल्यावर नाही. बाहेर पाइप न काढलेली, हवा गाळून परत घरात सोडणारी चिमणी असेल तर अलार्मच्या दृष्टीने तिचा उपयोग थोडाच.

स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावायचाच नाही. तिथे हीट अलार्म, साधारण ५८ अंशांना वाजणारा. तो धुराकडे बघत नाही, त्यामुळे मिरचीने वाजणार नाही. पण तो उशिरा वाजतो, म्हणून बेडरूमबाहेरच्या स्मोक अलार्मला पर्याय नाही. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून घरांना हीच रचना लागू आहे: राहत्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराचा, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले.

वऱ्हाडी_माणूस

हीट अलार्मबद्दल विदर्भ-खानदेशवाल्यांसाठी पुस्ती. त्यात "रेट ऑफ राइज" नावाचा प्रकार येतो, तो तापमान मिनिटाला साताठ अंशांनी चढलं की वाजतो. मे महिन्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला, ओव्हनचं दार उघडलं की तो फसू शकतो. ठराविक तापमानालाच वाजणारा घ्या.

आणि स्मोक अलार्मच्या मागे कामाच्या तापमानाची मर्यादा छापलेली असते ती वाचा. बऱ्याच अमेरिकन मॉडेलांची मर्यादा ३८ अंशांपर्यंतच असते. अकोल्यात किंवा जळगावात मेच्या दुपारी स्लॅबखालची हवा याच्या कितीतरी वर जाते. तेवढ्याने अलार्म लगेच बिघडतो असं नाही, पण बॅटरी लवकर उतरते आणि खोटे इशारे वाढतात. ५० किंवा ५५ अंशांपर्यंत चालणारा मागा. पत्र्याच्या घरात आणखी एक अडचण असते. दुपारी पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर बसतो आणि धुमसणाऱ्या आगीचा कोमट धूर त्या थराच्या खालीच अडतो, वर अलार्मपर्यंत पोचत नाही. रात्री पत्रा झपाट्याने गार होतो, त्यामुळे झोपेच्या वेळी अलार्म ठीक काम करतो. पण दुपारी लहान मुलाला झोपवून शेजारी जाताना त्याच्या भरवशावर राहू नये.

चाळवाटा

चाळीतल्या खोलीबद्दल कुणी बोललं नाही. १० बाय १५ ची खोली, ओटा आतच, वर पोटमाळा आणि पोटमाळ्यावर दोघं-तिघं झोपतात. शेगडीपासून ३ मीटर म्हणजे थेट समोरच्या दारापाशी.

शिवडीकर

दारापाशीच लावा, ओट्याच्या तिरक्या विरुद्ध कोपऱ्याकडे, कोपऱ्यापासून १० सेंटीमीटर सोडून. फोटोइलेक्ट्रिक आणि हशवाला.

पण पोटमाळा असेल तर पहिला अलार्म पोटमाळ्यावर, झोपणाऱ्यांच्या डोक्यावरच्या छताला. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. धूर वर जातो आणि छताकडून खाली भरत येतो. जमिनीवर झोपलेल्याला गुडघाभर स्वच्छ हवा मिळत असते तेव्हा पोटमाळ्यावरचा माणूस धुरात बुडालेला असतो. दाराजवळचा अलार्म वाजेपर्यंत त्याचा वेळ संपलेला असू शकतो. पोटमाळ्यावर फोडणीचा धूरही आधी जमणार, म्हणजे खोटे इशारे येणारच. त्यावर उपाय ओट्यावरचा एक्झॉस्ट, अलार्म काढणं नव्हे. आणि शिडी रात्री बाजूला काढून ठेवू नका.

गोदाकाठ

कौलारू घरात काय करावं? कौलांच्या फटींतून धूर निघून जातो आणि मागच्या पडवीत चूल असते.

तारतंत्री

चुलीच्या जागेत आणि तिला उघड्या असलेल्या माजघरात स्मोक अलार्म चालणार नाही, रोज वाजेल. झोपायच्या खोलीला माळ्याची पाटई किंवा सीलिंग असेल तर तिथे लावा, चांगला चालतो. सीलिंग नसेल तर उताराच्या छताचा नियम: आढ्यापासून ९० सेंटीमीटरच्या आत, पण अगदी वरचे १० सेंटीमीटर सोडून. कौलांतून धूर झिरपतो म्हणून इशारा उशिरा मिळेल, पण त्याच कारणाने धूर भरायलाही वेळ लागतो. अशा घराचा खरा धोका माळ्यावर रचलेलं गवत, शेणी, लाकडं आणि त्यांच्यावरून गेलेली जुनी वायरिंग. खर्च करायचाच असेल तर आधी ती वायर पाइपात घाला आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, मग अलार्म.

वायरिंगचा विषय निघालाच आहे तर, एमसीबी आहे म्हणून आग लागणार नाही हा समज सोडा. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट ओळखते. एसीच्या सॉकेटमध्ये स्क्रू ढिला झाला की प्रवाह नेहमीइतकाच राहतो, पण सांधा तापत जातो आणि प्लास्टिक करपतं. एमसीबीला ते कळत नाही. फोटोइलेक्ट्रिक अलार्मला कळतं, कारण पीव्हीसीचा धूर दाट असतो. प्लगची पिन काळी पडली असेल किंवा सॉकेट पिवळट झालं असेल तर त्याच दिवशी बदला.

मुक्ता

गॅसगळतीचं स्पष्ट लिहा हो. "स्मोक अलार्म लावलाय, आता गॅसची काळजी नाही" असं म्हणणारे भेटतात.

शिवडीकर

स्मोक अलार्मला गॅस कळत नाही. एलपीजी नाही, पीएनजी नाही, कार्बन मोनॉक्साइडही नाही. तीन वेगळे सेन्सर, तीन वेगळ्या जागा.

सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर फरशीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर, सिलिंडरच्या जवळ. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. त्याचा डिटेक्टर छताखाली ३० सेंटीमीटरवर. सिलिंडर सोडून पाइप गॅस घेतला आणि डिटेक्टर खालीच राहिला, तर त्याचा उपयोग जवळजवळ संपला. हे डिटेक्टर बहुधा विजेवर चालतात, लाइट गेली की बंद. डासांचा स्प्रे, अत्तर, थिनर यांनीही वाजतात आणि सेन्सर काही वर्षांनी बदलावा लागतो.

वास आला किंवा डिटेक्टर वाजला तर: रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि कुठलंही बटण लावायचं नाही की बंदही करायचं नाही. दोन्हीत ठिणगी पडते. एक्झॉस्टसुद्धा नाही. बाहेर येऊन फोन: एलपीजीसाठी १९०६, आग असेल तर १०१ किंवा ११२. पीएनजी असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकावर.

गॅस गीझरचा प्रश्न आणखी वेगळा. बंद बाथरूममध्ये ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे अलार्म मिळतात, युरोपीय प्रमाण ईएन ५०२९१. पण ते प्रमाणच असं आहे की ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ६० ते ९० मिनिटांनी, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांनी आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजायचं. आंघोळीला गेलेल्या माणसाने दार लावलंय आणि अलार्म पॅसेजमध्ये आहे, तर तो त्याला वाचवेलच असं नाही. बाथरूमच्या आत दमटपणामुळे सेन्सर टिकत नाही. इथे उपाय अलार्म नाहीच. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत न्या आणि पाण्याची नळी आत आणा.

अनघा_र

बेडरूमचं दार बंद आणि एसी चालू असताना हॉलमधला अलार्म ऐकू येतो का?

एडिसनकर

खात्री देता येत नाही. ८५ डेसिबल हा आकडा अलार्मपासून ३ मीटरवरचा आहे. बंद फ्लश डोअर त्यातले वीस-पंचवीस सहज खातं, अंतर आणखी खातं. उशीपाशी पन्नास-पंचावन्न उरले आणि वर एसी-पंख्याची घरघर असेल, तर गाढ झोपेतला माणूस उठेलच असं नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए ७२ या प्रमाणात उशीपाशी ७५ डेसिबलची अपेक्षा आहे. म्हणूनच प्रत्येक बेडरूममध्ये एक, आणि ते एकमेकांना जोडलेले, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतात.

दार बंद ठेवून झोपणं मात्र चांगलंच आहे. बंद दार धूर आणि उष्णता बराच वेळ अडवतं. उघडं दार ठेवून आवाज ऐकू येण्यापेक्षा बंद दार आणि आत दुसरा अलार्म हे कधीही बरं.

लहान मुलांच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. नेहमीचा अलार्म ३००० हर्ट्झच्या आसपास किंचाळतो. बरीच मुलं त्या आवाजातही झोपून राहतात हे प्रयोगांत दिसलं आहे. आजी-आजोबांना उंच पट्टी कमी ऐकू येते, तिथेही हाच आवाज कमी पडतो. ५२० हर्ट्झचा खर्जातला भोंगा दोन्हींना जास्त जागवतो, पण असे अलार्म महाग असतात. ऐकू न येणाऱ्यांसाठी उशीखाली ठेवायची कंप पावणारी चकती आणि लखलखणारा दिवा मिळतो. हे काही नसेल तर मुलांना आणि आजी-आजोबांना कोण उठवणार हे घरात आधी ठरवून ठेवा. मूल आपणहून उठून बाहेर येईल असं गृहीत धरू नका.

मुक्ता

आणि खाली दुकान, वर घर असेल तर? धाग्याची सुरुवातच तिथून झाली आहे.

तारतंत्री

तिथे जोडलेला अलार्म हवाच. नुसता घरात लावला तर धूर जिन्याने वर आल्यावर वाजेल, म्हणजे बाहेर पडायचा एकमेव रस्ता धुराने भरल्यावर. नुसता दुकानात लावला तर शटरआड वाजत बसेल.

रचना अशी: दुकानाच्या छताला एक, जिन्याच्या वरच्या टोकाला एक, झोपायच्या खोलीत एक. तिन्ही एकाच कंपनीचे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे जुळत नाहीत. वायरने जोडायचे असतील तर फेज आणि न्यूट्रलशिवाय जोडणीची तिसरी वायर ओढावी लागते. रेडिओवाले, म्हणजे बिनतारी, सोपे पडतात, पण काँक्रीटचा स्लॅब आणि लोखंडी शटर लहरी खातात. म्हणून स्क्रू मारण्याआधी तिन्ही डबे नुसते जागेवर धरून खालचं टेस्ट बटण दाबा आणि वरचे वाजतात का ते ऐका. वायफायवर चालणारे, मोबाइलवर संदेश देणारे अलार्म घरी कुणी नसताना उपयोगी. पण दुकानातली आग मुख्य फ्यूज उडवते, राउटर बंद पडतो आणि संदेश येतच नाही. जोडणी राउटरशिवाय चालणारी हवी.

इलेक्ट्रिक स्कूटर दुकानात किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरी बिघडली की धूर निघण्यापासून भडका उडेपर्यंतचा वेळ इतका थोडा असू शकतो की अलार्म वाजूनही रस्ता बंद झालेला असतो. सोफ्याच्या आगीत अलार्म मिनिटं देतो, बॅटरीच्या आगीत तेवढीही देईल याचा नेम नाही. चार्जिंग बाहेर पडायच्या वाटेपासून लांब आणि सगळे जागे असताना.

दर्यावर्दी

किनारपट्टीवरच्या घरांसाठी देखभालीचं थोडं. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणाने फोटोइलेक्ट्रिकच्या कप्प्यात बाष्प धरतं आणि अलार्म उगाच वाजतो. उघड्या खिडकीशेजारी लावू नका. बारीक डास, कोळी, झुरळाची पिल्लं आत शिरली तरी तेच होतं, कारण सेन्सरला कीटक आणि धूर यातला फरक कळत नाही. जाळी शाबूत असलेला अलार्म घ्या. सहा महिन्यांतून एकदा व्हॅक्यूमची मऊ ब्रशवाली नळी कडेच्या फटींवरून फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर कोरडा रंगाचा ब्रश. ओलं फडकं, कॉलिन, कीटकनाशकाचा फवारा काही नको.

रंगकाम, फरशीचं घासकाम, पीओपी, पेस्ट कंट्रोल किंवा महापालिकेची धूरफवारणी असेल तेव्हा प्लास्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांधा आणि काम संपलं की त्याच दिवशी काढा. अलार्मवर रंग मारू नका, फटी बुजतात.

९ व्होल्टची बॅटरी असेल तर अल्कलाइनच घाला. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी स्वस्त झिंक-कार्बन काही महिन्यांत उतरते. वर्षातून एकदा बदलायची, दसऱ्याच्या साफसफाईत घेतली की लक्षात राहते. दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेला मिळाला तर तोच घ्या.

अनघा_र

महिन्याला टेस्ट बटण दाबायचं, एवढं पुरतं ना? काही जण उदबत्ती धरून बघा म्हणतात.

दर्यावर्दी

बटण महिन्यातून एकदा, झाडूच्या दांड्याने दाबलं तरी चालतं. त्याने बॅटरी, भोंगा आणि आतलं सर्किट कळतं. धूर कप्प्यात शिरतो का, हे कळत नाही. त्यासाठी टेस्ट स्प्रेचे डबे मिळतात, वर्षातून एकदा पुरे. उदबत्ती नको, तिचा चिकट धूर आतल्या भिंतींवर बसतो आणि दर वर्षी थोडा थोडा साचत जातो. टेस्ट करताना घरातलं एक माणूस बेडरूमचं दार लावून आत बसवा, एसी चालू ठेवा आणि आवाज खरंच जाणवतो का ते विचारा.

रानजाई

वाजल्यावर काय करायचं ते राहिलं. खिडक्यांना ग्रिल, दाराला लॅच, वर सेफ्टी डोअर.

शिवडीकर

सेफ्टी डोअरची किल्ली रात्री दाराजवळच्या एकाच खिळ्याला, उशीखाली किंवा पर्समध्ये नाही. आतून किल्लीशिवाय उघडणारं कुलूप त्याहून चांगलं. बॉक्स ग्रिलला किमान एक उघडणारी खिडकी करून घ्या. फॅब्रिकेटर बिजागरी आणि कडी लावून देतो, आणि तिच्यापुढे कुंड्या ठेवू नका.

आग आपल्या घरात असेल तर: सगळ्यांना उठवा, वाकून चाला, आगीच्या खोलीचं दार ओढून घ्या, मुख्य दारही बाहेरून ओढून घ्या, कुलूप लावू नका, जिन्याने खाली, लिफ्ट नाही. बाहेर आल्यावर १०१.

आग दुसरीकडे असेल तर वेगळा विचार. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पार्किंगमधली वाहनं आणि कापड पेटलं आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला. अशा वेळी मुख्य दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. दार गरम असेल किंवा जिन्यात दाट धूर असेल तर त्यात उतरू नका. दार बंद, खालच्या फटीला ओली चादर, रस्त्याकडच्या खिडकीत किंवा बाल्कनीत जा आणि १०१ ला मजला व फ्लॅट क्रमांक सांगा.

सोसायटीला विचारायचा एक प्रश्न: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. तो शेवटचा कधी दिला आणि त्या वेळी हूटर खरंच वाजवून पाहिला का? कागद असतो, पॅनेलवर मात्र "सायलेंट" दाबून ठेवलेलं असतं, हे अनेक इमारतींत दिसतं. खाली जाऊन पॅनेलवरचे, बिघाड दाखवणारे पिवळे दिवे लागलेत का ते स्वतः बघा.

चाळवाटा

भाड्याच्या घरात मालक छताला ड्रिल मारू देत नाहीत. दुहेरी टेपने चिकटवला तर चालेल?

तारतंत्री

चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर नाही. पापुद्रा सुटतो आणि डबा खाली येतो. टाइल, लाकूड किंवा ऑइल पेंटवर टेप धरते. त्यामुळे जागा शोधताना दाराच्या चौकटीवरची लाकडी पट्टी किंवा छतापर्यंत गेलेल्या कपाटाची वरची कड बघा, फक्त डब्याची वरची कड छतापासून १० ते ३० सेंटीमीटरमध्ये बसली पाहिजे. चुंबकाची चकती असलेलं माउंट घ्या: एक चकती टेपने भिंतीला, दुसरी अलार्मला. टेप लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, लावल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि चोवीस तास अलार्म अडकवू नका. मालक तयार झालेच तर ६ मिलीमीटरची दोन भोकं पुरतात आणि घर सोडताना ती व्हाइट सिमेंटने बुजतात.